युद्ध चालू असताना युक्रेनला जायचंय? आधी परत यायची वाट पक्की करा

मी पश्चिम युक्रेनमधल्या ल्विव शहरात जाऊन आले ती मावसबहिणीसाठी. ताईचं सासर तिकडचं, तिला बाळ झालं, मावशीची तब्येत प्रवासाची नाही, मग घरात कोण जाणार यावर चार दिवस खल झाला आणि शेवटी मी गेले. तेव्हापासून ओळखीतून ओळखीतून फोन येत असतात. कुणाचा मुलगा मेडिकलचं राहिलेलं वर्ष पूर्ण करायला परत गेलाय, कुणाला कंपनीच्या कामाने जायचंय, कुणाला मदतकार्यात हात लावायचाय. आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, व्हिसा मिळतो का हो?

मिळतो, कारण खरं असेल तर मिळतो. पण माझ्या मते हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, तिथून बाहेर कसे पडणार? एरवी आपण जायचं तिकीट काढतो तेव्हा परतीचं आपोआप निघतं, कुणी त्यावर विचार पण करत नाही. युद्धातल्या देशात तसं नसतं, तिथे आत जायला लागतात तेवढेच आणि काही वेळा त्याहून जास्त कागद बाहेर पडायला लागतात, आणि ते सगळे घरून निघायच्या आधीच हातात असावे लागतात. म्हणून खाली जे लिहिलंय ते प्रत्येक पायरीला हा एकच प्रश्न विचारत वाचा, ह्या कागदावर मी परत येऊ शकते का.

पायरी १: जायचंच आहे का

नुसतं बघायला, फोटो काढायला, अनुभव घ्यायला जायचं असेल तर प्लीज जाऊ नका. तिथले डॉक्टर, रुग्णवाहिका, तळघरातली जागा, ट्रेनमधले बर्थ हे सगळं तिथल्या लोकांनाच कमी पडतं, त्यात आपण कारण नसताना भर का घालायची. कुणाचं आजारपण, बाळंतपण, अंत्यसंस्कार, पूर्ण करायची डिग्री, ठरलेलं काम, असं कारण असेल तर पुढे वाचा.

भारत सरकारचा सल्ला काय होता ते तारखांसकट लक्षात ठेवा, कारण त्याचा पुढे इन्शुरन्सशी थेट संबंध येतो. १५ फेब्रुवारी २०२२ ला दूतावासाने, विशेषतः विद्यार्थ्यांना, तात्पुरतं देश सोडायला सुचवलं होतं. बऱ्याच जणांनी कॉलेज बुडेल म्हणून थांबायचं ठरवलं, तिकिटं पण महाग होती. २४ फेब्रुवारीला रशियाने हल्ला केला, हवाई हद्द बंद झाली, आणि मुलांना आणायला निघालेलं एअर इंडियाचं विमान अर्ध्या वाटेतून परत फिरलं. त्यानंतर ऑपरेशन गंगा या भारत सरकारच्या सुटकेच्या मोहिमेत साधारण साडेबावीस हजार लोक परत आले, पण एकही विमान युक्रेनमधून उडालेलं नाही, सगळी पोलंड, रोमानिया, हंगेरी, स्लोवाकिया इथून. म्हणजे मुलांना आधी थंडीत, काहींना मैलोन्‌मैल चालत, सीमा गाठावी लागली. दूतावास स्वतः मार्च २०२२ मध्ये वॉर्साला हलवला गेला आणि मे महिन्यात परत कीवला आला. नंतर ऑक्टोबर २०२२ मध्ये मोठे क्षेपणास्त्र हल्ले सुरू झाल्यावर पुन्हा सूचना निघाली की युक्रेनला जाऊ नका, आणि असाल तर मिळेल त्या मार्गाने बाहेर पडा.

हे सांगायचं कारण घाबरवणं नाही. एवढंच की सरकार मदत करतं, पण सीमेपर्यंत तुम्हाला स्वतः यावं लागतं. निघायच्या आठवड्यात कीवमधल्या भारतीय दूतावासाची ताजी सूचना वाचा, तिचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा, आणि दूतावासाकडे नाव, पासपोर्ट नंबर, राहायचा पत्ता, परतीची तारीख नोंदवा.

आणि युक्रेन म्हणजे एक सरसकट जागा नाही हे पण समजून घ्या. ल्विव, इवानो-फ्रांकिव्स्क, चेर्निव्त्सी, उझहोरोद हा पश्चिमेचा भाग लढाईच्या आघाडीपासून शेकडो किलोमीटर लांब आहे, तिथे पण क्षेपणास्त्रं आणि ड्रोन येतात, पण खारकिव, सुमी, झापोरिझ्झिया, खेरसोन, दोनेत्स्क यांची गोष्टच निराळी. आघाडीजवळच्या काही भागात बाहेरच्या माणसाला परवानगीशिवाय जाताच येत नाही. ज्याला बोलावणं खारकिवचं आहे त्याने शक्य असेल तर भेट ल्विवला ठरवावी, भेटायला येणाऱ्याला ट्रेन मिळते.

पायरी २: युक्रेनचा व्हिसा

भारतीय पासपोर्टवर व्हिसा आधी काढावाच लागतो. "तिथे गेल्यावर मिळेल" असं कुणी सांगितलं तर त्याच्याकडून उठून या, देशातले विमानतळ प्रवासी विमानांना २४ फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहेत, मग पोचल्यावर व्हिसा देणार कुठे? ई-व्हिसा युद्ध सुरू झाल्यावर थांबवला होता, २०२५ मध्ये काही देशांच्या नागरिकांसाठी परत चालू केला, तुमच्या पासपोर्टला आज तो लागू आहे का हे युक्रेनच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या साइटवर बघायचं, दुसऱ्या कुठल्या मिळत्याजुळत्या नावाच्या साइटवर नाही.

प्रकार दोन लक्षात ठेवले की पुरे. सी म्हणजे कमी मुदतीचा, कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. भेट, बिझनेस, मदतकार्य सगळं यात बसतं. डी म्हणजे लांब मुदतीचा, शिक्षण, नोकरी, नवरा-बायकोने एकत्र राहणं यासाठी, आणि डी वर गेलात की तिथे पोचून निवास परवाना काढावा लागतो, तो काढला नाही तर डी चा काही उपयोग राहत नाही.

कागद म्हणाल तर भरलेला अर्ज, पासपोर्ट, फोटो, किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय विमा कवच, खर्चाला पैसे आहेत याचा पुरावा, आणि सगळ्यात वजन असलेला कागद म्हणजे जायचं कारण. युद्धात हेच कारण चाळणीतून गाळून बघतात. माझ्याकडे ताईचं निमंत्रण होतं, आमचं नातं दाखवायला तिचा, माझा आणि दोघींच्या आयांचा जन्मदाखला होता, आईचं लग्नाआधीचं नाव आणि आत्ताचं नाव वेगळं, मग तिची विवाहनोंदणी पण लागली. बायकांनी हे आधीच गोळा करून ठेवा, नाव बदललं की नात्याची साखळी मध्येच तुटते आणि प्रत्येक तुटलेल्या ठिकाणी एक कागद लागतो. लांब मुदतीच्या व्हिसासाठी कागदांवर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का, आणि युक्रेनियन भाषेतलं अधिकृत भाषांतर लागतं, यात आठवडे जातात, तेव्हा कॉलेजची तारीख आली की मग पळापळ असं करू नका.

पासपोर्टवर जुने शिक्के बघा. रशियातून क्रिमिया किंवा रशियाने व्यापलेल्या भागात शिरणं हा युक्रेनच्या कायद्याने बेकायदा प्रवेश आहे, असा प्रवास झालेला असेल तर प्रवेशबंदी येऊ शकते. रशिया आणि बेलारूसच्या बाजूने यायचा विचारच सोडा. मोल्दोवामधून येणार असाल तर ट्रान्सनिस्ट्रिया या तिथल्या फुटीर भागाला लागून असलेली सीमा २०२२ पासून बंद आहे, फक्त मोल्दोवा सरकारच्या ताब्यातल्या नाक्यांवरून यायचं.

इथे एक कळकळीचं सांगणं. युद्धाच्या नावाने एजंट लोकांचं मोठं फावलंय. २०२४ मध्ये सीबीआयने माणसं फसवून नेणाऱ्यांवर गुन्हा दाखल केला, त्यात भारतातली तरुण पोरं रशियात मदतनीसाची नोकरी म्हणून गेली आणि आघाडीवर पोचली, काही जण मेले. पलीकडच्या बाजूची गोष्ट आहे ही पण धडा दोन्हीकडे सारखाच. युद्ध चालू असलेल्या भागात न कळणाऱ्या भाषेतला करार कुणी पुढे केला आणि पासपोर्ट मागून घेतला की तिथून निघा, भरलेले पैसे बुडाले तरी चालतील.

पायरी ३: शेंगेन व्हिसा, आणि तो दोनदा शिरता येईल असाच

लोक सगळ्यात जास्त इथे अडकतात म्हणून सावकाश लिहिते.

विमान युक्रेनला जात नाही. म्हणजे आधी पोलंड, स्लोवाकिया, हंगेरी किंवा रोमानियात उतरायचं आणि तिथून जमिनीवरून सीमा ओलांडायची. हे चारही शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात आहेत, रोमानिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आला. तर तुम्ही पोलंडमध्ये उतरलात की शेंगेनमध्ये एकदा शिरलात. युक्रेनमध्ये गेलात की शेंगेनमधून बाहेर पडलात. परत येताना पोलंडच्या नाक्यावर उभ्या राहिलात की तो दुसरा प्रवेश. तुमच्या व्हिसाच्या स्टिकरवर प्रवेशांच्या रकान्यात ०१ लिहिलं असेल तर तो एक प्रवेश जातानाच वापरला गेला, आता तुम्ही युद्धाच्या देशात आहात आणि दार बाहेरून बंद.

मी परत येताना पोलंडच्या सीमेवरच्या मेदिकाच्या नाक्यावर असाच एक मुलगा बघितला, पंचविशीचा असेल, हातात बॅग, विमानाचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं, आणि व्हिसा एका प्रवेशाचा. त्याला वाटलं होतं की व्हिसाची तारीख शिल्लक आहे म्हणजे झालं. त्याला परत ल्विवला पाठवलं, नवीन व्हिसा काढ म्हणून. त्याचा तो चेहरा माझ्या अजून डोळ्यासमोरून जात नाही, म्हणून प्रत्येकाला फोनवर मी पहिलं हेच वाचायला लावते, प्रवेशांच्या रकान्यात ०२ किंवा मल्टिपल असं हवं.

एअरपोर्ट ट्रान्झिट व्हिसा इथे चालत नाही, तो फक्त विमानतळाच्या आत एका विमानातून दुसऱ्यात जायला असतो, तुम्हाला तर बाहेर पडून ट्रेन पकडायची आहे. सी प्रकारचाच शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज ज्या देशातून जाणार त्याच देशाकडे करायचा. सोबतच्या पत्रात सरळ लिहा की अमुक तारखेला शिरणार, अमुक तारखेला युक्रेनला जाणार, अमुक तारखेला परत शिरणार, म्हणून दोन प्रवेश हवेत, आणि ट्रेनच्या तारखा जोडा. क्रम पण महत्त्वाचा, आधी युक्रेनचा व्हिसा मग शेंगेन, कारण पुढच्या देशाचा व्हिसा हातात नसताना त्या देशातून पुढे जायला परवानगी कशाला द्यायची असा साधा प्रश्न ते विचारणार.

फी मोठ्या माणसाला ९० युरो, जून २०२४ पासून. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णय नियमाप्रमाणे १५ दिवसांत, पण ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो, तेव्हा ४५ धरूनच चाला. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, दोन कोरी पानं असलेला, आणि शेंगेनमधून शेवटचं बाहेर पडायच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध पाहिजे.

अजून एक बारीक गोष्ट. स्टिकरवर वैधतेची तारीख वेगळी आणि मुक्कामाचे दिवस वेगळे असतात. समजा पाच दिवस दिले आणि जाताना पोलंडमध्ये दोन राहिलात, तर येताना तीनच उरले. मी जाताना कमीत कमी वापरले आणि येण्यासाठी राखून ठेवले, कारण उशीर होतो तो येतानाच. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाहेरच्या सीमांवर टप्प्याटप्प्याने नवीन संगणकीय नोंद सुरू झाली, चेहऱ्याचा फोटो घेतात आणि दिवस मशीनच मोजतं, त्यामुळे एखादा दिवस इकडे तिकडे झाला तर कुणाच्या लक्षात येणार नाही असं आता राहिलं नाही.

पायरी ४: इन्शुरन्स, बारीक अक्षरं वाचून

साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत युद्ध, आक्रमण, शत्रुत्वाच्या कारवाया यांनी झालेलं नुकसान वगळलेलं असतं. प्रीमियम भरलेला, पॉलिसीची प्रत पाकिटात, आणि काही झालं तर दमडी मिळत नाही. शिवाय बऱ्याच पॉलिसीत अशी ओळ असते की सरकारने जाऊ नका सांगितलेल्या ठिकाणी गेलात तर कव्हर नाही, म्हणून वर तारखांचं सांगितलं.

तुम्हाला दोन गोष्टी लागतात. शेंगेनसाठी ३०,००० युरोची नेहमीची पॉलिसी, आणि युक्रेनमध्ये चालणारी, युद्धाचा धोका धरून असलेली वेगळी पॉलिसी. युक्रेनमधल्या काही विमा कंपन्या परदेशी लोकांना अशी पॉलिसी ऑनलाइन देतात. घेताना तीन प्रश्न लेखी विचारा. क्षेपणास्त्राच्या हल्ल्यात जखमी झाले तर दवाखान्याचा खर्च देणार का. सीमेपलीकडच्या हॉस्पिटलमध्ये हलवायचा खर्च देणार का. आणि मृत्यू झाला तर देह घरी पाठवायचा खर्च देणार का. तिसरा प्रश्न विचारताना माझा आवाज फुटत नव्हता, पण मावशीसमोर बसून विचारला, कारण ते ओझं मागे राहिलेल्यांवर पडतं. कव्हरमधून आघाडीचे जिल्हे वगळलेले असतात का, ते पण बघा.

पायरी ५: वाट

पोलंडमधून जाणं सगळ्यात रुळलेलं. वॉर्सा किंवा क्राकुफला उतरून ट्रेनने सीमेजवळचं प्शेमिश्ल गाव, तिथून ल्विव किंवा कीवची ट्रेन. झेशुफचा विमानतळ सीमेच्या सगळ्यात जवळ. दुसरा रस्ता हेल्म स्टेशनवरून थेट कीव. युक्रेनचे रूळ १५२० मिलिमीटरचे आणि युरोपचे १४३५ चे, त्यामुळे बहुतेक वेळा सीमेजवळ गाडी बदलावी लागते, आणि प्शेमिश्लला युक्रेनच्या गाडीचा फलाट वेगळ्या बाजूला आहे, तिथे पासपोर्टची रांग लागते, निदान दीड-दोन तास आधी पोचा. भारताचे पंतप्रधान ऑगस्ट २०२४ मध्ये कीवला गेले तेही पोलंडमधून रात्रीच्या ट्रेननेच, दहाएक तास लागले, म्हणजे जमिनीवरच्या वाटेला कुणालाच पर्याय नाही.

तिकीट युक्रेन रेल्वेच्या ॲपवर काढा, नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच. तिकिटं भराभर संपतात, सुट्ट्यांच्या दिवसांत तर फारच, तेव्हा विक्री सुरू होईल त्या दिवशीच बसा, आणि परतीचं पण लगेच शोधा. आणि वेळ! युक्रेनचं घड्याळ पोलंडच्या एक तास पुढे, तिकिटावर प्रत्येक स्टेशनची वेळ तिथल्या घड्याळाची असते.

ट्रेन मिळाली नाही तर बस आहेत, किंवा मेदिका–शेहिनी नाक्यावरून पायी पण ओलांडता येतं. रोमानियातून सिरेत–पोरुबने, हंगेरीतून झाहोन्य–चोप, स्लोवाकियातून विश्ने नेमेत्स्के–उझहोरोद. दुसरा नाका आधीच ठरवून ठेवा, नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. २०२३ च्या नोव्हेंबरपासून पोलिश ट्रकवाल्यांनी काही नाके कित्येक आठवडे अडवले होते, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये पोलंडमध्ये रशियन ड्रोन शिरले तेव्हा वॉर्सा, झेशुफ आणि लुब्लिनचे विमानतळ काही तास बंद ठेवले होते. म्हणून सीमा ओलांडायचा दिवस आणि विमानाचा दिवस यात एक पूर्ण दिवस मोकळा ठेवायचा, त्यात काटकसर नको.

पायरी ६: नाक्यावर

सगळे कागद छापून घ्या, फोन बंद पडला तर ॲप काय कामाचं. पासपोर्ट, दोन्ही व्हिसा, दोन्ही विमे, निमंत्रण, राहायचा पत्ता, परतीचं तिकीट, हे वर हाताशी. प्रश्न साधे असतात, कुठे, कुणाकडे, किती दिवस, का. खरं आणि थोडक्यात सांगा. माझ्या डब्यात तपासायला आलेल्या बाईंनी ताईला फोन लावायला सांगितला, ताई त्यांच्या भाषेत बोलली, मागे बाळ रडत होतं, त्या हसल्या आणि शिक्का मारला.

१०,००० युरोपेक्षा जास्त रोख असेल तर दोन्ही बाजूंना जाहीर करावी लागते. ड्रोन, नाइट व्हिजन, बुलेटप्रूफ जॅकेट हे परवान्याच्या भानगडीत येतं, उगाच नेऊ नका. झोपेच्या आणि तीव्र वेदनाशामक गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसह.

आता ज्यांच्या घरात युक्रेनचं नागरिकत्व आहे त्यांच्यासाठी, हे फार गंभीर आहे. मार्शल लॉ, म्हणजे युद्धकाळातला लष्करी कायदा, २४ फेब्रुवारी २०२२ पासून आहे आणि तो पुन्हा पुन्हा वाढवला जातो. त्यात युक्रेनच्या १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी आली, ऑगस्ट २०२५ मध्ये १८ ते २२ वयाच्या मुलांना सूट मिळाली. आणि युक्रेनचा कायदा असा की जन्माच्या वेळी आई किंवा वडील युक्रेनचे नागरिक असतील तर मूल पण त्यांचं नागरिक. म्हणजे आई युक्रेनियन, वडील भारतीय, मुलगा पंचविशीचा, हातात दुसऱ्या देशाचा पासपोर्ट, आणि आजीला भेटायला आत गेला, तर नाक्यावर त्याला युक्रेनचाच माणूस धरू शकतात आणि बाहेर सोडणार नाहीत. अशा मुलाने आत पाऊल टाकायच्या आधी युक्रेनच्या दूतावासाकडून आपलं नागरिकत्व लेखी स्पष्ट करून घ्यावं, आणि ते होत नसेल तर आजीलाच पोलंडमध्ये बोलवावं.

पायरी ७: आत गेल्यावर

फोनमध्ये हवाई धोक्याचं ॲप आधीच टाका, तुमचा जिल्हा निवडा, आवाज सायलेंटवर पण वाजेल असं सेटिंग करा. धोक्याला ते त्रिवोहा म्हणतात, तळघराला किंवा आसऱ्याला उक्रित्या, धोका टळला की विदबीय. हे तीन शब्द पाठ करा. हॉटेल घेताना पहिला प्रश्न, उक्रित्या आहे का आणि रात्री उघडं असतं का. कीवमध्ये मेट्रो स्टेशनं आसरा म्हणून वापरतात, आर्सेनाल्ना स्टेशन तर १०५ मीटर खोल आहे. तळघर गाठणं शक्यच नसेल तर दोन भिंतींचा नियम, तुमच्या आणि बाहेरच्या मध्ये दोन भिंती हव्यात, म्हणजे खिडकी नसलेला बोळ किंवा बाथरूमसमोरची जागा. पहिल्या रात्री सायरन झाला तेव्हा मी गोंधळून बूट शोधत बसले, ताई बाळाला घेऊन कधीच बोळात पोचली होती. तेव्हापासून बूट, जॅकेट आणि कागदांची पिशवी पलंगाशेजारी. काही दिवसांनी तुम्हाला दिसेल की आजूबाजूचे लोक सायरन झाला तरी कॉफी पीत बसलेत, त्यांचं बघून तुम्ही बसू नका, ते वर्षानुवर्षं हे सोसून तिथे आलेत.

रात्री संचारबंदी असते, वेळ जिल्ह्याप्रमाणे बदलते, कीवमध्ये बारा ते पाच. ट्रेन रात्री पोचली तर स्टेशनातच थांबायचं. पासपोर्ट कायम अंगावर, रस्त्यावरच्या तपासणी चौकीला ब्लोकपोस्ट म्हणतात, तिथे फोन खाली ठेवून शांतपणे कागद दाखवायचे.

फोटोबद्दल फार कडक आहे आणि ते बरोबरच आहे. चौकी, सैनिक, लष्करी गाड्या, हवाई संरक्षण यांचे फोटो-व्हिडिओ नाहीत, आणि कुठे काय पडलं ते तर अजिबात पोस्ट करायचं नाही, त्या व्हिडिओवरून पुढचा नेम सुधारतात. सैन्याच्या हालचालींची माहिती पसरवणं हा तिथे फौजदारी गुन्हा आहे, कलम ११४-२, तुरुंगवास होतो. घरच्यांना व्हिडिओ कॉल करताना खिडकीकडे कॅमेरा नको, एवढं तरी पाळा.

सिम दोन कंपन्यांची ठेवा. डिसेंबर २०२३ मध्ये कीवस्टार या तिथल्या मोबाइल कंपनीवर सायबर हल्ला झाला आणि दोन कोटींहून जास्त ग्राहकांचे फोन बंद पडले होते. वीज जाते, तासन्‌तास, त्यामुळे मोठी पॉवर बँक आणि टॉर्च हवेच. वीज नसताना चार्जिंग, ऊब, इंटरनेट मिळेल अशी ठिकाणं सरकारने उभी केली आहेत, त्यांना अजिंक्यतेचे ठिकाण अशा अर्थाचं नाव आहे, राहत्या जागेजवळचं एक शोधून ठेवा. कार्ड बहुतेक सगळीकडे चालतं पण वीज गेली की रोखच, म्हणून थोड्या ह्रिव्निया (तिथलं चलन) आणि थोडे कोरे करकरीत युरो. तातडीचे नंबर: १०१ आग आणि बचाव, १०२ पोलीस, १०३ रुग्णवाहिका, आणि ११२.

शेतात, जंगलात, नदीकाठी चालायला जाऊ नका, देशाच्या खूप मोठ्या भागात सुरुंगांचा धोका आहे. पक्का रस्ता सोडायचा नाही. जमिनीवर पडलेली कुठलीही अनोळखी वस्तू उचलायची नाही, मुलं बरोबर असतील तर त्यांना हे रोज सांगायचं.

रोज सकाळी नऊला मेलेल्यांसाठी एक मिनिट शांतता पाळतात. रस्त्यात लोक जागच्या जागी थांबतात, गाड्या पण. आपण पण थांबायचं.

पायरी ८: परत

निघायच्या तीन दिवस आधी ट्रेन, नाका आणि दूतावासाची सूचना परत तपासा. ९० दिवसांची मर्यादा शेवटच्या दिवसापर्यंत ताणू नका, गाडी रद्द झाली तर दंड आणि पुढच्या व्हिसाला अडचण. पोलंडमध्ये येताना मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, ताईच्या सासूबाईंनी प्रेमाने बांधून दिलेलं चीज मी त्यांना समजावून परत ठेवायला लावलं, त्यांना वाईट वाटलं पण नाक्यावर टाकून देण्यापेक्षा बरं.

तपासणीला कधी कधी फार वेळ लागतो, पाणी, खाणं, उबदार कपडे जवळ ठेवा. आणि सीमा ओलांडली की घरी फोन करायच्या आधी नाही तर नंतर लगेच, कीवच्या भारतीय दूतावासाला दोन ओळींचा मेल टाका की मी अमुक नाक्यावरून बाहेर पडले, माझं नाव यादीतून काढा. पुढे कधी तिथून लोकांना बाहेर काढायची वेळ आली, तर ते त्या यादीतलं एकेक नाव घेऊन फोन लावत बसतात.